अप्पांचं पहिलं 'नको'

मंगळवारी दुपारी माझे वडील वारले.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. तसं काही झालेलं नाही. मंगळवार अजून यायचाय. अप्पा मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या कॉटवर आहेत. उशाशी उभी राहून आत्या नर्सला सांगतेय की पडदा अर्धाच ओढा, त्याला पूर्ण अंधार चालत नाही. आपण इथून सुरू करू.

अप्पा म्हणजे शिवलिंग आवटी, राहणार तासगाव, वीज कंपनीतले निवृत्त मीटर रीडर. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, सुमेध. एका कंपनीकडे येणाऱ्या तक्रारींना 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं उत्तर पाठवणं हे माझं काम. हे काम यंत्रालाही जमतं, पण यंत्र दिलगीर झालं की ग्राहक जास्त चिडतात असं पाहणीत आढळलं, म्हणून माणूस ठेवलाय. आई मी कॉलेजात असताना गेली. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण गौराक्का. ती मागच्या गल्लीत राहते आणि आमच्या घरातल्या सगळ्या निर्णयांना ती स्वतःच्या घरातूनच विरोध करते. आवाज पोचतो.

अप्पा अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. मेंदूच्या बुंध्यात, म्हणजे मान संपून डोकं सुरू होतं त्या भागात, रक्ताची गुठळी अडकली आणि ते पायरीवर बसल्या जागी थांबले. हातात पाइप तसाच. पाणी कुंपणापलीकडे शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडत राहिलं. शेजारी भांडायला आले म्हणून आम्हाला कळलं. त्यांनीच गाडी काढली आणि मिरजेपर्यंत भांडण काही काढलं नाही.

त्यानंतर अप्पा हलले नाहीत. श्वास यंत्राचा. डोळे उघडतात, मिटतात, पण कशामागेही फिरत नाहीत. पूर्वी अशा पेशंटला डॉक्टर चिमटा काढायचे, डोळ्यांत बॅटरी मारायचे, 'काका, माझा हात दाबा' म्हणून ओरडायचे, आणि काकांनी हात दाबला नाही की 'भान नाही' असं लिहून चहाला जायचे. आता भानमापक आलाय.

तो चालवणारा इर्शाद मुजावर माझ्याच वयाचा, मिरजेचाच. त्याने अप्पांच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि हातात एक कडं घेतलं.

"साधं असतं सुमेधभाऊ. हे कडं कवटीच्या बाहेरूनच मेंदूला एक टिचकी मारतं. चुंबकाची. दुखत नाही. मग टोपी ऐकते की टिचकीनंतर आत काय काय झालं."

"काय होतं?"

"समजा, भर दुपारी मी तुमच्या गल्लीत सुतळी बॉम्ब लावला. गल्ली गाढ झोपलेली असेल तर धाड होणार, एक कुत्रं भुंकणार, संपलं. गल्ली जागी असेल तर? एक खिडकी उघडणार. समोरचा म्हणणार, तुमच्याच पोराचं काम. ती बाई त्याची गेल्या वर्षीची भानगड काढणार. कोपऱ्यावरचा पोलिसांना फोन लावणार. दोन पोरं ओरडणार, अजून एक लावा. म्हणजे प्रत्येक घर वेगळं बोलणार, पण दुसऱ्याचं ऐकून बोलणार. वेगळं बोलणं आणि ऐकून बोलणं, दोन्ही एकदम असलं की त्याला भान म्हणायचं."

"आमच्या गल्लीत ऐकून कोणी बोलत नाही," आत्या म्हणाली.

"मग मार्क कमी पडतील आत्या. तो सगळा गोंधळ कॉम्प्युटर कमीत कमी जागेत लिहायला बघतो. गाढ झोप, भुलीचं इंजेक्शन, कोमा, हे एका ओळीत बसतात. जागेपणा काही केल्या आवरत नाही. जितका आवरत नाही तितका भानांक जास्त."

"आणि स्वप्न?" मी विचारलं.

"स्वप्नही आवरत नाही. तेव्हा माणूस बाहेरून बंद, आतून चालू." त्याने अप्पांकडे पाहिलं. "तेच तर शोधायचंय."

शास्त्रज्ञांनी भान असण्याची सीमा शंभरात एकतीसच्या आसपास काढली होती. शासनाने ती पस्तीस केली, कारण पस्तीस लोकांना समजायला सोपं. तेव्हापासून महाराष्ट्रात शुद्धीवर असायला पस्तीस टक्के लागतात.

अप्पांना बावन्न मिळाले.

आत्याने वॉर्डात पेढे वाटले. "पास झाला आमचा दादा!" शेजारच्या कॉटच्या लोकांनी पेढा घेऊन विचारलं, "कितवीला?" आत्याने सांगितलं, "सत्तरीला."

मलाही आनंद झाला असणार. दाढ काढल्यावर गाल आपलाच असतो, पण चहा ओठातून कुठे सांडतोय ते कळत नाही, तसं मला त्या दिवसांत सगळीकडे झालं होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी लोकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर होत बसायचो. कामात एकही चूक झाली नाही. उलट साहेबांचा मेसेज आला, 'भाषा छान सुधारली आहे.'

मेंदूविकारांच्या डॉक्टर रेणावीकर मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं. "तुमचे वडील आत आहेत," त्या म्हणाल्या. "ऐकतात, समजतं. बाहेर पडायचा रस्ता तेवढा तुटलाय. पण त्यांच्याशी बोलता येतं."

बोलायची रीत अशी. मनातल्या मनात खेळलो, पळालो तर मेंदूचा हालचालीचा भाग पेटतो. मनातल्या मनात घरातून फिरलो तर जागा लक्षात ठेवणारा वेगळा भाग पेटतो. दोन्ही भाग टोपीला ओळखू येतात. म्हणून 'हो' म्हणायचं असेल तर पेशंटने मनात कबड्डी खेळायची आणि 'नाही' असेल तर स्वतःच्या घरातून एक फेरी मारायची.

"घरातून नको," आत्या एकदम म्हणाली. "स्वयंपाकघर आवरलेलं नाहीय."

मॅडमनी अप्पांच्या कानाशी वाकून नीट, हळू, सगळं समजावलं. मग तपासणीचे प्रश्न. तुमचं नाव शिवलिंग का? कबड्डी. आत्ता आपण तासगावात आहोत का? घर. ही तुमची बहीण का? कबड्डी. ही तुमच्यापेक्षा मोठी का? घर, आणि आत्या खूश. सगळी उत्तरं बरोबर. इर्शाद म्हणाला, इतका स्वच्छ पेशंट त्याने वर्षभरात पाहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी खरा प्रश्न आला.

मॅडमनी काही लपवलं नाही. अप्पांना त्यांनी सांगितलं की हात-पाय बहुतेक परत येणार नाहीत. पापणी येऊ शकेल, कदाचित एखादं बोट. श्वास नळीनेच, जेवण नळीनेच, पण टोपीतून बोलता येईल आणि ती घरी नेता येईल. "आवटीकाका, हे सगळं तुम्हाला कळलंय का?" कबड्डी. "मग विचारते. हे उपचार पुढे चालू ठेवायचे का?"

आम्ही यंत्राच्या पडद्याकडे बघत होतो. आत एक भाग हळूहळू उजळला.

"घर," इर्शाद म्हणाला. मग त्याने मान खाली घातली.

मॅडमनी चष्मा काढला. मी काहीच केलं नाही. आत्या हसली.

"अहो, परत विचारा की. पहिल्यांदा तो नकोच म्हणतो."

आता हे मिरज-सांगलीकडच्यांना सांगायला हवं असं नाही, तरी सांगतो. अप्पा घरोघर मीटर वाचायला जायचे. प्रत्येक घरातली बाई विचारायची, चहा घेणार का? अप्पा म्हणायचे, नको. बाई म्हणायची, घ्या हो, ठेवलाच आहे. अप्पा म्हणायचे, नको नको, आत्ताच झाला. बाई म्हणायची, अर्धा तरी. मग अप्पा पायरीवर बसून पूर्ण कप घ्यायचे. पहिल्यांदा 'हो' म्हणणारा माणूस हावरट, आणि दोनदा विचारून कप आत नेणारं घर कंजूष, अशी त्यांची साधी विभागणी होती. घरीही तेच. तिसरी भाकरी नको. नवा शर्ट नको. निवृत्तीला गावजेवण नको, आणि ते झालं तेव्हा पंगतीत सगळ्यांत शेवटपर्यंत तेच बसले होते. आईचं स्थळ घेऊन मध्यस्थ आले तेव्हा अप्पा म्हणाले होते, आत्ता लग्न नको. मध्यस्थ जाणकार होते. मी या जगात आहे तो तिसऱ्यांदा विचारल्यामुळे.

"दुसऱ्यांदा नाही विचारता येत," मॅडम म्हणाल्या.

"का बरं?"

"आत्या, कायदा आहे. सुरुवातीला विचारायचे लोक. जमिनीच्या कागदावर सही देता का? नाही. देता का? नाही. देता ना? दमून पेशंट कबड्डी खेळायचा. म्हणून आता प्रश्न एकदाच. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे दबाव."

"दबाव काय, आग्रह तो! आग्रह न करता कोणी कोणाला काही विचारतं का?"

"यंत्रात आग्रहाला जागा नाहीय," इर्शाद हळूच म्हणाला.

मॅडमनाही हे आवडलं नव्हतं. त्यांनी नियम काढून वाचले. पेशंटच्या उत्तरावर नवरा-बायको किंवा मुलांना हरकत घेता येते. कारण पटलं तर समिती पेशंटला नव्याने विचारते. सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत. बहिणीची हरकत चालत नाही. आत्याने यावर पाच मिनिटं हरकत घेतली, ती चालली नाही.

"म्हणजे सुम्या, तू," आत्या म्हणाली.

"मी," मी म्हणालो.

हरकत घेणाऱ्याचाही भानांक बघतात, कारण पूर्वी लोक सह्या करून नंतर कोर्टात सांगायचे की आम्ही तेव्हा भानावर नव्हतो. मी खुर्चीत बसलो. टोपी. कडं. टिचकी. इर्शाद पडद्याकडे बघत राहिला, मग त्याने परत टिचकी मारली, मग यंत्राला.

"तेहेतीस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तुम्ही झोपलाय भाऊ."

"मी बोलतोय."

"झोपेत बोलतात लोक."

मॅडमनी समजावलं. मेंदू सगळा एकदम झोपतो असं नाही. फार दिवसांचं जागरण आणि ताण झाला की त्याचे तुकडे आळीपाळीने बंद पडतात. डोळे उघडे, पाय चालतात, तोंड उत्तरं देतं, पण आत टिचकी मारली तर एक कुत्रं भुंकतं आणि संपतं. "थकवा आहे. नीट झोप झाली की वर येईल."

"मला कामात काही फरक जाणवला नाही," मी म्हणालो.

"कसलं काम करता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही लिहिलं नाही.

शनिवार-रविवार मी झोपायचं काम केलं. ते जमलं नाही. आत्याचं मत असं की झोपलेल्याला झोपवून काय होणार, उठवायला पाहिजे. तिने मला हिरव्या मिरचीचा ठेचा खायला घातला. गार पाण्याने तोंड धुवायला लावलं. माझे दहावीचे मार्क वॉर्डात मोठ्याने सांगितले. शेवटी म्हणाली, "तुझा बाप चाललाय रे," आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, "हो." तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली. मी तिच्यामागे जायला हवं होतं हे मला कळत होतं. कळण्यात आणि जाण्यात कुठेतरी एक घर बंद होतं.

सोमवारी सकाळी परत टोपी. चौतीस.

"एक ग्रेस मार्क मिळत नाही का?" आत्याने विचारलं. "दादाकडे बावन्न पडून आहेत. त्यातला एक याला द्या."

"ट्रान्सफर होत नाहीत आत्या," इर्शाद म्हणाला, आणि थांबला. पडद्यावर काहीतरी उमटलं होतं. त्याने मॅडमना हाक मारली.

पस्तीसच्या खाली असलेल्या प्रौढ माणसाला कायद्याने पालक लागतो. पालक जवळचा, सज्ञान आणि पास झालेला पाहिजे. आमच्या कुटुंबात टोपी घालून पास झालेला एकच होता, आणि यंत्राने तो आपोआप नेमला होता. माझे पालक म्हणून, ही अवस्था संपेपर्यंत, श्री. शिवलिंग आवटी.

कॉटवर नळीने श्वास घेणाऱ्या माणसावर माझी जबाबदारी टाकली होती. तशी ती आधीही त्यांच्यावरच होती.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "पालकाने परवानगी दिली तर पाल्याला हरकत घेता येते. आणि हा वेगळा प्रश्न आहे. वेगळा प्रश्न एकदा विचारता येतो."

आत्याला हे माझ्याआधी समजलं. समजल्याबरोबर तिचा चेहरा पडला. "पण हाही पहिल्यांदाच विचारणार."

ती मॅडमकडे वळली.

"उलटा विचारा ना मग! 'हरकत घेऊ नये ना?' असं विचारा. तो नको म्हणाला की झालं."

"वाक्य यंत्रात ठरलेलं आहे, आत्या. शब्द बदलला की उत्तर रद्द होतं."

"मी कानात सांगते त्याला. दादा, एकदा तरी आधी हो म्हण म्हणून."

"तसं केलं तर मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल."

आत्याने केलं. म्हणजे तिने वाकून "दादा" एवढं म्हटलं आणि नर्सने तिला दाराबाहेर नेलं. दाराच्या काचेतून ती दोन्ही हात हलवून कबड्डीच्या खुणा करत राहिली. अप्पांचे डोळे छताकडे होते.

मी पाल्य असल्यामुळे मला थांबू दिलं. मॅडमनी ठरलेलं वाक्य वाचलं, पण प्रत्येक शब्दाला वेळ देऊन, जणू शब्दाशब्दात थोडा चहा ओतत होत्या. "आपल्या पाल्यास हरकत नोंदवू द्यावी का?"

पडदा बराच वेळ तसाच होता. मग उजळला.

"घर," इर्शाद म्हणाला.

मॅडमनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरताहेत."

मी दार उघडून आत्याला सांगितलं. ती भिंतीला टेकली. "अरे, उत्तर कसलं ते," ती म्हणाली. "तुम्ही त्याला एवढ्यांदा घरात फिरायला सांगितलंत. तो घरी गेला असेल."

ते खरंच नको होतं, की पहिलं नको होतं, की अप्पा नुसते घरी फिरत होते, हे त्या यंत्राला कळत नाही. मलाही कळत नाही. त्यांना हे सगळं खरोखरच नको झालं असेल तर तेही मी समजू शकतो. नळीतून जेवायला कोणी किती आग्रह करावा यालाही मर्यादा असणार. पण ज्या माणसाच्या पहिल्या नकाराचा अर्थ आयुष्यात कधी नकार नव्हता, त्याचा शेवटचा नकार आम्ही पहिल्याच वेळी मान्य केला.

यंत्र मंगळवारी दुपारी बंद करायचं ठरलं. त्या दिवशी सकाळी इर्शाद टोपी घेऊन दुसऱ्या वॉर्डात गेला होता. आत्या खाली देवळापाशी होती. कॉटजवळ मी एकटाच. मी स्टूल पुढे ओढलं.

"अप्पा," मी म्हणालो, "राहता का?"

श्वासाचं यंत्र चालू होतं.

"राहा हो. सगळी तयारी आहे घरी. टोपीपण देणार आहेत."

डोळे छताकडे.

"अप्पा, थोडे दिवस तरी."

तीनदा विचारून झालं. आत उत्तर आलं असणार. मीटर फिरला असणार. फक्त त्या वेळी वाचायला कोणी नव्हतं. मी बराच वेळ त्यांचा हात धरून बसलो. हात गरम होता, आणि गरम आहे हे मला लगेच कळलं नाही, थोड्या वेळाने कळलं.

मग दुपार झाली. दुपारचं काही घडलेलं नाही असं आपलं सुरुवातीलाच ठरलंय, त्यामुळे ते गाळतो.

आणि हा अर्ज. भाषा माझीच आहे, कामाची सवय.

प्रति,
मा. अध्यक्ष, भान-निर्णय समिती.

विषय: श्री. शिवलिंग आवटी यांना पूर्वी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारण्याबाबत.

महोदय,

वरील रुग्णाने दिलेले उत्तर आपल्या कार्यालयाने अंतिम धरले आहे. आपल्या गैरसोयीबद्दल अर्जदार दिलगीर आहे, तथापि सदर उत्तर हे रीतीप्रमाणे पहिले उत्तर होते व त्यापुढील दोन वेळा विचारणे आपल्याकडून राहून गेले आहे. अर्जदाराचा भानांक दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी तपासला असता एकसष्ट आला असून अर्जदार आता हरकत घेण्यास पात्र आहे. रुग्णाचा सध्याचा पत्ता कळवण्यास अर्जदार असमर्थ आहे; तो कार्यालयाने आपल्या स्तरावर शोधून घ्यावा.

तरी रुग्णास तोच प्रश्न दुसऱ्यांदा, व गरज पडल्यास तिसऱ्यांदा, आग्रहपूर्वक विचारण्यात यावा. त्यानंतर जे उत्तर येईल ते अर्जदारास मान्य राहील.